क्लोरोप्रोकेनचा स्पायनल द्यायच्या आधी

क्लोरोप्रोकेन हे लवकर उतरणारं, जागा बधिर करणारं औषध; ते कमरेत मणक्यात टोचून खालचं अंग बधिर करतात, तो स्पायनल. तो द्यायचा असेल तर ट्रे मांडण्याआधी, पेशंटला टेबलावर घेण्याच्याही आधी एक प्रश्न विचारायचा: “तुम्हाला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला ऑपरेशननंतर भूल उतरायला फार वेळ लागला होता का? मशीनवर ठेवावं लागलं होतं का?” मी हा विचारला नव्हता. भगंदराचा पेशंट, वय 34, तब्येत ठणठणीत, संध्याकाळी घरी जाणार होता. उपाशी आहे का, ॲलर्जी आहे का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, सगळं विचारलं. हा एक प्रश्न राहिला, आणि पेशंट साडेचार तास व्हेंटिलेटरवर राहिला.

या प्रश्नाचा क्लोरोप्रोकेनशी काय संबंध, असं वाटेल. संबंध रेणूतच आहे. एका टोकाला चरबीत विरघळणारं बेंझिनचं कडं, दुसऱ्या टोकाला अमाइन, आणि मधे दोघांना जोडणारा एस्टरचा सांधा. रक्तातलं स्यूडोकोलिनेस्टरेज हे एन्झाइम हा सांधा तोडतं, तेही इतक्या झपाट्याने की प्लाझ्मातलं निम्मं क्लोरोप्रोकेन मिनिटाच्या आत संपतं. लिग्नोकेन, बुपिव्हकेन ही बधिर करणारी दुसरी औषधं अमाइडं, म्हणजे त्यांत एस्टरच्या जागी अमाइडचा सांधा. ती यकृतात जाऊन हळूहळू मोडतात. चुकून थोडं औषध रक्तात गेलंच तर एस्टर कमी त्रास देतं ते याचमुळे. पण स्कोलिन, म्हणजे पूर्ण भूल देऊन घशात ट्यूब टाकताना श्वासाच्या स्नायूंसकट सगळे स्नायू सैल करणारं औषध, तेही याच एन्झाइमने तुटतं. हे एन्झाइम जन्मतः सदोष असेल तर पाच-दहा मिनिटांत उतरणारं स्कोलिन तासन्‌तास उतरत नाही.

त्या दिवशी काय झालं ते सांगते. 40 मिलिग्रॅमचा स्पायनल छान लागला. पण भगंदराला आतून आणखी एक फाटा निघाला, वेळ वाढला, तासाभरात ब्लॉक, म्हणजे बधिरपणा, ओसरू लागला आणि पेशंट कळवळला. घाईत पूर्ण भूल दिली, ट्यूब टाकायला स्कोलिन दिलं. मग श्वास परत येईच ना. बाहेर जाऊन विचारलं तेव्हा त्याची आई म्हणाली, “मोठ्यालापण अपेंडिक्सच्या वेळी असंच झालं होतं. दुसऱ्या दिवशी नळी काढली.” तिला हे आधी कुणीच विचारलं नव्हतं. विचारायचं काम माझं होतं.

स्पायनल मात्र वेळेतच उतरला होता, आणि इथेच फसायला होतं. सीएसएफमध्ये, म्हणजे मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात जिथे स्पायनलचं औषध जातं तिथे, हे एन्झाइम जवळपास नसतंच. तिथलं औषध रक्तात शोषलं जाऊन ब्लॉक ओसरतो. म्हणजे स्पायनल नीट चालला यावरून एन्झाइम ठीक आहे असं मुळीच समजू नका. प्रश्न विचाराच. पेशंटला नसेल आठवत तर आईला, मोठ्या भावाला विचारा. “भूल” म्हणून कळलं नाही तर “शुद्धीवर यायला उशीर”, “नळी उशिरा काढली” असं विचारा.

आपल्या भागासाठी आणखी दोन गोष्टी. आर्य वैश्य समाजात हा दोष इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो, आणि हा समाज तेलंगणा-आंध्रासारखाच मराठवाडा-विदर्भातही आहे. तरी आडनाव बघून विचारायचं की नाही ते ठरवू नका; सगळ्यांनाच विचारा. दुसरं, हंगामात शेतकऱ्याला विचारा, गेल्या काही दिवसांत फवारणी केली का? ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकं हेच एन्झाइम दाबून टाकतात. यकृताचा आजार आणि गरोदरपण यांतही ते कमी होतं. संशय आला तर स्यूडोकोलिनेस्टरेजची पातळी आणि डिब्युकेन नंबर (डिब्युकेन घातल्यावर एन्झाइमचं काम किती टक्के दबतं तो आकडा) तपासून घ्या. नंबर साधारण 80 असतो, सदोष जनुक एकाच पालकाकडून आलं असेल तर 40 ते 60, दोघांकडून आलं असेल तर 20 च्या आसपास. रिपोर्ट येईपर्यंत थांबता येत असेल तर थांबा.

आता ॲम्प्युल. लेबल स्वतः वाचा, दुसऱ्याने वाचून दाखवलेलं चालणार नाही. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं आणि स्पायनलसाठीचंच हवं: 1 टक्का, 5 मिलीत 50 मिलिग्रॅम. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला एपिड्युरलचे, म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर द्यायचे, मोठे डोस चुकून सीएसएफमध्ये गेले आणि काही पेशंटच्या पायांतली ताकद परत आली नाही. संशय आम्लधर्मी द्रावणावर आणि औषध टिकावं म्हणून त्यात घातलेल्या सोडियम बायसल्फाइटवर गेला. पुढे त्याजागी ईडीटीए आलं, तर कंबरदुखीच्या तक्रारी आल्या. या औषधाला वाईट नाव मिळालं ते अशा कुप्यांमुळे.

वेळेचा हिशेब सर्जनसमोर बसून करा. हे औषध साधारण 40 मिनिटांच्या कामासाठी आहे. “वीस मिनिटांत आटपतो” हे ऐकून घ्यायचं आणि विचारायचं, आत काही वेगळं निघालं तर? एमआरआय झालाय का? शंका असेल तर सरळ बुपिव्हकेन द्या, पेशंट उशिरा घरी गेला तरी चालेल. पूर्ण भूल द्यावी लागली तर काय देणार हेही आधीच ठरवा. वरच्या प्रश्नाचं उत्तर “हो” किंवा “माहीत नाही” असेल तर स्कोलिन ट्रेमधूनच काढून टाका. स्नायू सैल करायला रोक्युरोनियम आणि त्याचा परिणाम उतरवायला सुगामाडेक्स जवळ ठेवा.

ॲलर्जी विचारताना पूर्वी प्रोकेन किंवा बेंझोकेनने पुरळ आलं होतं का ते विचारा. एस्टरची खरी ॲलर्जी बहुधा त्यांच्या तुटण्यातून तयार होणाऱ्या पॅरा-अमिनोबेंझोइक आम्लासारख्या पदार्थांची असते. घशात बेंझोकेनचा (हेही एस्टरच) स्प्रे मारणार असाल तर मिथिलीन ब्लू हाताशी हवं. ऑक्सिजन देऊनही सॅच्युरेशन 85 वर अडकलं आणि रक्त चॉकलेटी दिसलं तर मेथहिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहू न शकणारं हिमोग्लोबिन, समजा; मिथिलीन ब्लू त्यावरचाच उतारा.

बधिर करणारं औषध रक्तात जाऊन विषबाधा झाली तर म्हणून 20 टक्के लिपिड इमल्शन ओटीत हवं, किलोला दीड मिली बोलस (एकदम द्यायचा डोस). शिरेची लाइन, ऑक्सिजन, सक्शन, ॲट्रोपिन नेहमीप्रमाणे.

नंतरचं थोडक्यात. पाय हलले, लघवी झाली, चक्कर नाही, तर घरी. दोष सापडला तर डिस्चार्ज कार्डावर मोठ्या अक्षरात लिहा, भावंडांनाही तपासायला सांगा. आणि त्या प्रश्नाचं उत्तर “नाही” आलं असेल तरी कुणाला विचारलं, किती वाजता विचारलं, ते केस पेपरवर लिहा.