‘नमस्कार, नल’: वेलकम मेलमधल्या या चुका टाळा

गेल्या नोव्हेंबरात मला एका आंबेवाल्याचा मेल आला : ‘अक्षय्य तृतीयेनिमित्त पहिल्या पेटीवर १० टक्के सवलत!’ पुढच्या सीझनची खबर मिळावी म्हणून मी नुकतंच त्यांच्या साइटवर नाव नोंदवलं होतं. नोव्हेंबरात हापूसला धड मोहोरही आलेला नसतो. तरी कूपन टाकून पाहिलं. मुदत संपलेली. वर मायना होता, ‘नमस्कार, नल’. फॉर्ममध्ये मी नावाचा रकाना रिकामा सोडला होता, तिथे सॉफ्टवेअरने ‘नल’ (null, म्हणजे ‘काहीच नाही’) हा आपला शब्द भरला.

छोट्या ब्रँडसाठी असे वेलकम मेल, म्हणजे नाव नोंदवताच आपोआप जाणारे स्वागताचे मेल, लिहून देणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. असा एक मेल माझ्या हातूनही गेलेला आहे.

एकदा लावला आणि विसरला

वेलकम मेल ऑटोमेशनमध्ये बसवला की त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. माणसं मात्र बारा महिने नाव नोंदवत असतात. म्हणून त्यात सण, तारीख, ‘या आठवड्यात’ असलं काही ठेवूच नका. कूपनची मुदत ‘नोंदणीपासून १५ दिवस’ अशी धरा. माल हंगामी असेल तर हंगामाबाहेरचा मजकूर वेगळा लिहा आणि त्यात सवलत देऊ नका. ‘पेट्या मार्चअखेर सुरू होतील, बुकिंग उघडलं की पहिला मेल तुम्हाला’ एवढं पुरतं. नावाच्या रकान्याला पर्यायी शब्द देण्याची सोय बहुतेक सगळ्या सेवांत असते. तिथे काहीच न भरता नुसतं ‘नमस्कार’ राहील असं बघा.

‘प्रिय’ शक्यतो टाळाच. पुढे नाव रोमन लिपीत, सगळं मोठ्या अक्षरांत आलं की ‘प्रिय SANJAY’ हे बँकेची नोटीस वाचल्यासारखं वाटतं. पण खरी पंचाईत क्रियापदांची आहे. ‘तुम्ही आमच्याकडे आला आहात’ चालतं, ‘तू आलास’ म्हटलं की समोर बाई असेल तर फसलात.

मेल गेला, पण पोचला नाही

सगळ्यात जास्त फोन येतात ते या तक्रारीचे. बहुतेक वेळा कारण एकच असतं : पाठवणाऱ्याचा पत्ता साधा जीमेलचा आणि पाठवणारी सेवा भलतीच. पत्र एकाच्या नावाचं, शिक्का दुसऱ्याचा, मग स्पॅममध्ये जाणारच. स्वतःच्या डोमेनचा, म्हणजे तुमच्या साइटच्या नावाचा पत्ता घ्या आणि त्या डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तीन नोंदी करून घ्या. मेल खरंच तुमच्याकडूनच आला आहे, हे त्यांवरून पडताळता येतं. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,०००पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही सक्तीच्या आहेत, एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइबची, म्हणजे यादीतून नाव काढायची सोयही द्यावी लागते आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. तुमची यादी चारशे जणांची असली तरी तिन्ही करून ठेवा, तासाभराचं काम आहे.

तपासायला सोपं आहे. स्वतःलाच मेल पाठवा, जीमेलमध्ये संगणकावर तीन टिंबांच्या मेनूत ‘शो ओरिजिनल’ उघडा. तिन्हींपुढे ‘पास’ दिसलं पाहिजे.

जाहिरातीचं पोस्टर मेलमध्ये

अख्खा मेल म्हणजे एकच मोठं चित्र, हा आपल्याकडचा लाडका प्रकार. चित्रं बंद असली की समोर कोरा चौकोन, आणि कूपनचा कोड कॉपीही करता येत नाही. मजकूर मजकूर म्हणूनच टाका. तो युनिकोडमध्ये टाइप केलेला हवा. जुन्या डीटीपी फाँटमधला पत्रकाचा मजकूर तसाच चिकटवला तर वाचणाऱ्याला नुसती चिन्हांची खिचडी दिसते. वर्डमधून पेस्ट करताना फॉरमॅटिंगही काढून टाका, त्याने मेलच्या मागचा एचटीएमएल कोड फुगतो. हा कोड सुमारे १०२ केबीच्या वर गेला की जीमेल खालचा भाग कापतं, आणि अनसबस्क्राइबची लिंक नेमकी तिथेच असते. ती सापडली नाही की वैतागलेला माणूस ‘स्पॅम’ दाबतो.

‘परिवारात हार्दिक स्वागत’

माणसाने आंब्यासाठी पत्ता दिला, तो लगेच परिवारात कसा आला? मोबाइलवर सब्जेक्टचे पहिले चार-पाच शब्दच दिसतात, ते स्वागतात घालवू नका. एका बागायतदारासाठी आम्ही शेवटी हे ठेवलं :

*सब्जेक्ट : पेटी आल्यावर आधी हे करा*

*नमस्कार,*
*नाव नोंदवल्याबद्दल आभार. आमचा आंबा अर्धकच्चा येतो. पेटी उघडून आंबे पेंढ्यावर मोकळे मांडा, फ्रिजमध्ये ठेवू नका. वास सुटला आणि बोटाला किंचित मऊ लागला की कापा. हंगामात महिन्याला दोन मेल येतील, एरवी नाही.*
*तुम्हाला पेटी कुठल्या गावी हवी आहे? याच मेलला उत्तर द्या, मी स्वतः वाचतो.*

मूळ मसुद्यात आजोबांनी लावलेल्या कलमांपासून सगळा इतिहास होता. मालकांना तो काढवत नव्हता. तो तिसऱ्या मेलमध्ये गेला.

ओपन रेट भरपूर, ऑर्डर नाही

२०२१च्या सप्टेंबरपासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय चालू असली की मेल उघडला नाही तरी त्यातली चित्रं आधीच लोड होतात, आणि चित्र लोड झालं की मेल उघडल्याची नोंद होते. त्यामुळे ओपन रेटवर, म्हणजे किती जणांनी मेल उघडला त्या आकड्यावर, फार विसंबू नका. कूपन किती वापरले गेले आणि उत्तरं किती आली, ते मोजा. उत्तरं यायची तर ‘नो-रिप्लाय’चा, म्हणजे ज्यावर उत्तर पाठवता येत नाही असा पत्ता आधी काढावा लागेल.

त्या बागायतदाराला आलेल्या उत्तरांत पुण्याची आणि नाशिकची नावं बरीच निघाली. आता दोन्ही शहरांची यादी वेगळी आहे, आणि गाडी भरायच्या दोन दिवस आधी त्या त्या शहरालाच मेल जातो.