आकडा नंतर, आधी ठिपके: सहसंबंध मोजताना या चुका टाळा

एफवायची मुलं प्रोजेक्ट दाखवायला आणतात, तेव्हा सहसंबंध गुणांक ('आर', म्हणजे दोन गोष्टी सरळ रेषेत किती सोबत बदलतात ते -1 ते 1 मध्ये सांगणारा आकडा) ठळक अक्षरांत असतो आणि विकीर्ण आलेख, म्हणजे प्रत्येक नोंदीचा एक ठिपका असलेलं चित्र, कुठेच नसतो. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

समजा, शिवाजीनगरच्या एका कॉलेजातली चार मुलं आहेत. घरापासूनचं अंतर 1, 1, 3, 3 किलोमीटर. उशीर अनुक्रमे 5, 7, 5, 7 मिनिटं. 'आर' येतो शून्य. आता हडपसरची मुलगी जोडा: 12 किलोमीटर, 26 मिनिटं. 'आर' थेट 0.97! हा सगळा संबंध एकट्या तिच्या ठिपक्यानं आणला. पण म्हणून तो ठिपका गुपचूप खोडायचा नाही. आधी मूळ नोंद बघा, 2.6 चे 26 तर झाले नाहीत ना? नोंद बरोबर असेल, तर तिच्यासकट आणि तिच्याशिवाय, दोन्ही 'आर' लिहा.

याच्या उलटही घडतं. थंडीत गीझर, एप्रिल-मेमध्ये कूलर आणि मधल्या महिन्यांत बिल कमी, असं घर घ्या. तापमान आणि वीजबिलाचे ठिपके वाटीसारखे पडतील, 'आर' शून्याजवळ येऊ शकेल आणि मुलं लिहितील, "संबंध नाही." संबंध आहे, फक्त सरळ रेषेतला नाही. 'आर' सरळ रेषेपलीकडचं मोजतच नाही.

दुसरी सवय म्हणजे दिसेल त्या रकान्याचा दिसेल त्या रकान्याशी 'आर' काढणं. वीस रकान्यांच्या 190 जोड्या होतात. खरा संबंध कुठेच नसला, तरी 5 टक्के पातळीवर सरासरी नऊ-दहा जोड्या सार्थ ठरतात, म्हणजे केवळ योगायोगानं खऱ्या संबंधासारख्या दिसतात. भारतीय हवामान खात्याचे 1904 ते 1924 या काळातले प्रमुख गिल्बर्ट वॉकर मान्सूनच्या अंदाजासाठी दूरदूरच्या नोंदींशी पावसाचा सहसंबंध तपासत. पुष्कळ जोड्यांतून सर्वांत मोठा गुणांक उचलला तर तो निव्वळ योगायोगाचाही असू शकतो, हे त्यांनी तेव्हाच बजावलं होतं. तेव्हा कोणत्या जोड्या तपासायच्या, ते माहिती गोळा करण्याआधी वहीत लिहा.

खडकवासल्याचा विसर्ग आणि तुळशीबागेतली छत्र्यांची विक्री एकत्र वाढली, तर कारण पाऊस. हे बहुतेकांना कळतं. पण 0.6 म्हणजे 60 टक्के संबंध, असं अजूनही लिहिलं जातं. 0.6 चा वर्ग करा, 0.36 येतो: एका गोष्टीतल्या बदलाचा 36 टक्के भाग दुसरीशी जोडणाऱ्या सरळ रेषेनं समजतो.

आणि एक्सेलनं 'आर'ऐवजी शून्यानं भागल्याची चूक दाखवली, तर सूत्र बदलत बसू नका. एखाद्या रकान्यात सगळीकडे एकच आकडा आहे का, ते बघा.