बढती नाकारण्यापूर्वी आणि नंतर: नव्याने नोकरीला लागणाऱ्या ख्रिस्ती तरुणांसाठी

नोकरीच्या अकराव्या वर्षी मला विभागप्रमुखाचे पद देऊ करण्यात आले. ते मी नाकारले आणि काही महिन्यांनी जवळपास एकतृतीयांश कमी पगाराच्या, परंतु ठरावीक वेळेच्या नोकरीत गेलो. त्यामागे एक लहानसा प्रसंग होता. आमच्या घरी रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत शास्त्रपाठातील एकेक वचन प्रत्येकाने क्रमाने वाचायचे असते. एका रात्री मी अनपेक्षितपणे वेळेवर घरी पोहोचलो आणि वाचन सुरू झाले, तेव्हा पत्नीनंतर माझी पाळी असताना मुलीने सहजपणे पुढचे वचन वाचायला घेतले. तिने मला मुद्दाम वगळले नव्हते. मी तेथे असेन हे तिच्या हिशेबातच नव्हते.

तोवर मी स्वतःची समजूत घालत असे की हे सारे कष्ट कुटुंबासाठीच आहेत. ही समजूत पूर्णपणे खोटी नसते, म्हणूनच ती घातक ठरते. जो स्वतःच्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे, असे प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पहिल्या पत्राच्या 5:8 मध्ये (अध्याय 5, वचन 8) बजावतो आणि तो स्वतःही तंबू बनवण्याचा धंदा करून पोट भरत असे. त्यामुळे विश्वासाच्या नावाखाली कामचुकारपणा करण्यास शास्त्रात आधार नाही. त्याच पत्राच्या 6:10 मध्ये सर्व प्रकारच्या वाइटाचे मूळ म्हणून पैशाचे नव्हे, तर पैशाच्या लोभाचे नाव घेतले आहे. हा भेद नवख्यांनी नीट लक्षात ठेवावा, कारण लोभ बहुधा तरतुदीच्याच वेषात येतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या 12 व्या अध्यायातील येशूच्या दृष्टांतातला धनवान शेतकरी कोठारे मोठी करण्याचा बेत आखताना फक्त स्वतःशीच बोलतो. त्या बेतात ना देव आहे, ना घरातील कोणी. मीही तसेच केले होते. वरच्या पदाचा अर्ज भरून झाल्यावर मी पत्नीला सांगितले होते, विचारले नव्हते.

मला वळवले ते मात्र बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकातील 6:7 या वचनाने. देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवाव्यात आणि घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना व उठताना त्यांविषयी बोलावे, असे तेथे सांगितले आहे. हे काम पगार पाठवून दुसऱ्याकडून करून घेता येत नाही. त्यासाठी घरी बसावे लागते, मुलांबरोबर चालावे लागते.

आता व्यवहाराविषयी. आपली मर्यादा पहिला पगार हाती येण्यापूर्वी ठरवा, कारण पगाराबरोबर खर्च वाढतात, त्यांपाठोपाठ हप्ते येतात आणि मग निर्णय आपल्या हातात उरत नाही. मुलाखतीतच साप्ताहिक सुटी, रात्रपाळी आणि प्रवासाचे दिवस यांविषयी स्पष्ट विचारा आणि मिळालेले उत्तर नेमणूकपत्रात लिहून घ्या. रविवारची उपासना तुमच्यासाठी महत्त्वाची असेल, तर ते रुजू होण्यापूर्वी सांगणे प्रामाणिकपणाचे आहे. इतर दिवशी जास्तीचे काम घेण्याची तयारी दाखवली, तर बरेच वरिष्ठ ऐकून घेतात. (रुग्णसेवेसारख्या कामात रविवारची पाळी टाळता येत नाही, आणि प्रभू येशूने शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, रोग्यांना बरे केले हेही विसरू नये.)

नोकरी बदलण्याआधी आम्ही सहा महिने नव्या, कमी पगारातच घर चालवून पाहिले आणि उरलेल्या रकमेतून कर्ज फेडले. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हे प्रभूचे उदाहरण शिष्यत्वाविषयी असले, तरी आम्हाला ते शब्दशः उपयोगी पडले. दोन महिने हिशेब जुळला नाही, तेव्हा मोठ्या घराचा बेत सोडून द्यावा लागला. त्याचे पत्नीला वाईट वाटले आणि मलाही. बरोबरीचे सहकारी पुढे गेलेले दिसतात तेव्हा आजही मन खट्टू होते; तुम्हालाही तसे वाटेल, आणि त्यावरून आपला विश्वास खोटा आहे असे मानू नका.

नव्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यांत मी रोज प्रार्थनेला हजर असे. तरीही मुलगी सवयीने माझ्या वाट्याचे वचन वाचून टाकी, मग थांबून माझ्याकडे पाही आणि तेच वचन मी पुन्हा वाची.