गल्फला जायचंय? एजंटला पैसे द्यायच्या आधी मोबाईलवर एवढं बघाच

आमच्या रत्नागिरी-रायगड पट्ट्यात प्रत्येक वाडीतून कोणी ना कोणी दुबई, सौदी, कतार, कुवेतला आहे. पोरं जातात, कमावतात, घरं बांधतात, चांगलंच आहे. पण फसतात ती पण आपलीच पोरं, आणि बहुतेक जण इथेच फसलेले असतात, विमानात बसायच्या आधी. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

मागे एक पोरगा मोबाईल घेऊन आला, म्हणाला दादा व्हिसा आला, बघा जरा. एजंटने व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाकलेली. पगार सांगितलेला 1800 दिरहम, काम वेअरहाऊसचं. मी पीडीएफ झूम करून व्हिसाचा प्रकार वाचला तर टुरिस्ट, सिंगल एंट्री, 60 दिवस. कंपनीचं नाव कुठेच नाही. एजंट म्हणे तिकडे गेल्यावर चेंज करून देतो. भावांनो, नोकरीला जाणाऱ्याच्या हातात व्हिजिट व्हिसा असेल तर तिथेच थांबा. त्या व्हिसावर काम करणं तिकडच्या कायद्यात गुन्हा आहे आणि पगार बुडाला तर तक्रार करायची पण चोरी, कारण तुम्ही कागदावर कामगारच नाही. त्यामुळे व्हिसा आला की पहिलं काम, त्यात प्रकार, हुद्दा आणि मालकाचं नाव वाचा. दुबई आणि यूएईचा व्हिसा तिकडच्या सरकारी साईटवर नंबर टाकून खरा-खोटा बघता येतो.

आता एजंट. सरकारचं ईमायग्रेट पोर्टल आहे, ईमायग्रेट डॉट जीओव्ही डॉट इन, ॲप पण आहे. तिथे रजिस्टर्ड रिक्रूटिंग एजंटची यादी असते, नावाने शोधा आणि लायसन चालू आहे का, सस्पेंड का रद्द ते बघा. बेकायदा एजंटची यादी पण तिथेच आहे, ती पण चाळा. पण खरी गोम पुढे आहे. गावात येणारा माणूस म्हणतो मी मुंबईच्या अमक्या ऑफिसचा, आणि त्या ऑफिसचं लायसन खरंच असतं, फक्त ह्या माणसाचा त्याच्याशी काही संबंध नसतो. म्हणून त्याच्या कार्डावरच्या नंबरला फोन करू नका, पोर्टलवर त्या ऑफिसचा जो नंबर दिलाय त्याला करा, आणि विचारा ही भरती तुमची आहे का, कुठल्या कंपनीची, हा माणूस तुमचा का. दोन मिनिटांचा फोन आहे, लाजू नका.

पैशाचं पण ठरलेलं आहे. एजंटला सर्व्हिस चार्ज जास्तीत जास्त 30,000 रुपये घेता येतो, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400. कोणी लाख-दीड लाख मागत असेल तर तो नियमाबाहेर मागतोय. पैसे कंपनीच्या अकाऊंटला टाका, कोणाच्या पर्सनल नंबरवर जीपे करू नका, आणि पावती घ्याच.

दहावी पास नसाल तर पासपोर्टवर ईसीआर छापलेलं असतं, म्हणजे परदेशी नोकरीला जायच्या आधी सरकारी तपासणी लागते. मग सौदी, यूएई, कतार, ओमान, कुवेत, बहरीन, मलेशिया धरून 18 देशांत नोकरीला जायला एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो आणि तो ईमायग्रेटवरूनच होतो. लोकांना हा त्रास वाटतो पण ह्यातच तुमचा बचाव आहे, कारण मालक, पगार, काम सगळं सरकारी रेकॉर्डला चढतं. ह्याच्याबरोबर प्रवासी भारतीय बीमा योजना पण काढावी लागते, 2 वर्षांना 275 रुपये, 3 वर्षांना 375, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाखांचं कव्हर. पॉलिसीची कॉपी घरी ठेवा, तुमच्या बॅगेत राहून घरच्यांना काय उपयोग. दहावी पास पोरांना क्लिअरन्स लागत नाही, म्हणजे त्यांचे कागद सरकार तपासत नाही, म्हणून त्यांनी हे सगळं स्वतः दुप्पट लक्ष देऊन बघायचं. त्यातही कॉम्प्युटर येणाऱ्यांनी थायलंडच्या डेटा एंट्रीच्या ऑफरपासून लांबच राहा, तिथून पोरांना म्यानमारमधे नेऊन ऑनलाईन फ्रॉडची कामं जबरदस्तीने करून घेतल्याच्या कितीतरी केसेस झाल्यात.

आता कागद. माझा चुलत भाऊ सौदीला गेला तेव्हा इथे सही केलेल्या काँट्रॅक्टवर 1500 रियाल होते, तिकडे हातात 900 द्यायला लागले. काँट्रॅक्टची कॉपी फक्त त्याच्या मोबाईलमधे, आणि मोबाईल पहिल्याच महिन्यात पाण्यात पडून गेला. भांडणार कशावर? तेव्हापासून मी प्रत्येकाला बसवून हे करून घेतो, पासपोर्टची पहिली आणि शेवटची पानं, व्हिसा, काँट्रॅक्ट, पावत्या, एजंटचे मेसेज, सगळं डिजीलॉकरमधे अपलोड आणि बायकोच्या नाहीतर भावाच्या मोबाईलवर पण. डिजीलॉकरचा पिन घरी एकाला माहीत पाहिजे.

तिकडे पोचल्यावर सौदीत असाल तर किवा ह्या तिकडच्या सरकारी ॲपवर काँट्रॅक्ट येतं, ॲक्सेप्ट दाबायच्या आधी पगाराचा आकडा इथल्या कागदाशी जुळवा. यूएईत मोहरे ह्या तिकडच्या कामगार खात्याच्या ॲपवर काँट्रॅक्ट दिसतं आणि पगार थकला तर तिथूनच तक्रार होते. यूएईत व्हॉट्सॲप कॉल लागत नाही, लोक बोटिम वापरतात, ते घरच्यांच्या मोबाईलमधे जायच्या आधीच टाकून आईला लावून दाखवा.

अडचण आलीच तर मदद पोर्टल आहे, परराष्ट्र मंत्रालयाचं. तक्रार तुम्हीच करायला पाहिजे असं नाही, घरचे पण पासपोर्ट नंबर टाकून करू शकतात आणि तक्रारीचा नंबर मिळतो. भारतातून 1800113090 हा टोल फ्री नंबर पण आहे. दुबई, रियाध, जेद्दा आणि क्वालालंपूरला प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्रं आहेत, त्यांचे नंबर आत्ताच घरच्यांच्या मोबाईलमधे सेव्ह करा, आणि एका कागदावर लिहून टीव्हीच्या बाजूला चिकटवा, आमच्या चुलतीने तसाच चिकटवलाय.