ढगांच्या गावाला गाडी नेण्यापूर्वी: कल्पनेतल्या रेल्वे लेआउटची तयारी

मॉडेल रेल्वेचा लेआउट, म्हणजे फळीवर उभारलेला रुळांचा आणि गावांचा छोटा देखावा, करायचा असेल तर फळी कापायच्या आधी एक वही घ्या आणि पहिल्या पानावर तुमच्या मनातल्या देशाचा कायदा एका वाक्यात लिहून काढा. उदाहरणादाखल हा घ्या: ‘या देशात जुने झालेले ढग जमिनीवर पडतात.’ एवढं ठरलं की पुढचं आपोआप सुचत जातं. ढग पडतात म्हणून घरांच्या छपरांवर जाळ्या ताणलेल्या. पडलेले ढग गोळा करायला गावोगाव ढगवेचे. विरलेल्या ढगांना ठिगळं लावायला डोंगरावर कारखाना, तिथे सुया घेऊन बसलेल्या आज्या, आणि दुरुस्त झालेला ढग परत वर सोडायला एक उंच मनोरा. कायदा न ठरवता नुसत्या गमती जमवल्या, म्हणजे टोपी घातलेलं घर, उडता मासा, चंद्राला टेकवलेली शिडी, तर प्रत्येक वस्तू सुटी सुटी छान दिसते आणि बघणारा दोन मिनिटांत पुढे सरकतो. अशक्य गोष्ट एकच ठेवा आणि तिचे परिणाम काटेकोरपणे मांडा. माझ्या मते या छंदातला मोठा आनंद इथेच आहे.

दुसऱ्या पानावर रेल्वेचं कारण लिहा. गाडी काय नेते, कुठून कुठे नेते, परत येताना भरून येते की रिकामी? आपल्या देशात वर जाताना वाघिणी, म्हणजे मालडबे, फाटक्या ढगांनी भरलेल्या असतील आणि उतरताना धाग्याच्या रिकाम्या रिळांनी. हे पक्कं झालं की स्टेशनात काय लागेल तेही कळतं: ढग चढवायला रुंद फलाट, भिजलेले ढग निथळत ठेवायला बाजूला काढलेला रूळ, म्हणजे साइडिंग, वजनकाटा, रिळांची कोठी. गाडी थांबण्याला कारण असलं की तिथे माणसं उभी करायलाही कारण मिळतं.

या वाटेने आधी गेलेल्यांची कामं तयारीच्या काळातच बघून ठेवा. रोलँड एमेट या ब्रिटिश व्यंगचित्रकाराची फार टॉटरिंग अँड ऑयस्टर क्रीक रेल्वे आधी कागदावर धावत होती. १९५१ साली फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनच्या निमित्ताने लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये ती खरोखर उभी राहिली आणि लोक तिच्यात बसून फिरले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथे जॉन अ‍ॅलन यांनी घराच्या तळघरात १:८७ प्रमाणातला, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढा, डोंगराळ देश उभारला होता आणि तिथे डबे ढकलायला एमा नावाची स्टेगोसॉरस जातीची डायनासोर होती. १९७३ मध्ये अ‍ॅलन वारले, त्यानंतर थोड्याच दिवसांत आग लागून तो लेआउट गेला. फोटो मात्र आहेत. ते नीट न्याहाळा. लाकडी पुलांचा प्रत्येक वासा, काळवंडलेल्या भिंती, डोंगराचे थर हे सगळं इतकं मन लावून केलेलं आहे की त्यांच्यात वावरणारी एमा कामावर आलेली वाटते. हॅम्बुर्गमध्ये २००१ साली सुरू झालेल्या मिनिएचर वंडरलँडमध्ये क्नुफिंगन नावाचं अख्खं काल्पनिक शहर आहे. तिथे दर पंधरा मिनिटांनी दिवस मावळून रात्र होते आणि अग्निशमनाच्या गाड्या रस्त्यावर धावतात. ते शहर बेतलेलं असलं तरी तिथलं कामकाज अगदी चोख चालतं.

आता स्केल, म्हणजे मॉडेलचं प्रमाण. एचओ म्हणजे १:८७, त्याच्या रुळांचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६.५ मिमी. एन म्हणजे १:१६०, गेज ९ मिमी. एचओमध्ये उभा माणूस साधारण २० मिमी भरतो, एनमध्ये जेमतेम ११. ज्यांना पात्रांवर मेहनत घ्यायची आहे त्यांनी १:८७ च्या खाली उतरू नये, कारण ११ मिमीच्या आजीच्या हातात सुई दिसणार नाही. जागा कमी असेल तर त्यावर एक सुंदर तोड आहे: घरं आणि माणसं १:८७ ची, रूळ मात्र ९ मिमीचे. ९ गुणिले ८७ म्हणजे ७८३ मिमी, म्हणजे साधारण अडीच फुटी नॅरोगेज. युरोपात या मेळाला एचओई म्हणतात. एनच्या इंजिनाची खालची चौकट आणि मोटर घेऊन वर आपल्या मनासारखं धड बसवता येतं, वळणंही खूप छोटी चालतात. काल्पनिक देशासाठी मी डोळे मिटून हेच सुचवेन. बुटकं इंजिन आणि उंच धुराडं असली की निम्मी गोष्ट तिथेच सांगून होते.

जागेचा हिशोब कागदावर नको, जमिनीवर करा. एचओमध्ये नेहमी वापरलं जाणारं लहान वळण ४५७ मिमी त्रिज्येचं असतं. पूर्ण वळसा घ्यायला ९१४ मिमी लागतात. दोन्ही कडांना पाच-पाच सेंटिमीटर सोडले की फळीची रुंदी एक मीटरच्या वर जाते. ती फळी दारातून बाहेर निघेल का, जिन्यात वळेल का, हे आजच मोजा. मागच्या कडेपर्यंत हात पोचला पाहिजे: ७५ सेंटिमीटरच्या पलीकडे घसरलेला डबा उचलताना पुढची घरं मोडतात. फळीची उंची बघणाऱ्याच्या डोळ्यांवर ठरवा. वरून पाहिलं तर नकाशा दिसतो. छातीच्या उंचीवर आणलं तर रस्त्यात उभं राहिल्यासारखं वाटतं. मुलं बघणार असतील तर त्यांना उभं राहायला पक्की चौकी आधीच करून ठेवा.

ज्यांच्याकडे एका फळीपुरतीच जागा आहे त्यांनी हिरमुसून जाऊ नये. अ‍ॅलन राइट या मॉडेलकाराची इंगलनुक नावाची रचना बघा: तीन साइडिंग, एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोघींत तीन-तीन. आठ वाघिणींपैकी पाच निवडून ठरल्या क्रमाने जोडायच्या, एवढाच खेळ. पण असे क्रम ६७२० होतात. प्रत्येक वाघिणीत वेगळ्या जातीचा ढग ठेवा आणि कारखान्याने कुठले पाच कुठल्या क्रमाने मागवलेत त्याच्या चिठ्ठ्या करा. त्या एका फळीवर कितीही संध्याकाळी रमता येईल.

रुळांच्या बाबतीत मात्र कल्पनेला जराही मोकळीक देऊ नका. जग जितकं अचाट, तितके रूळ बिनचूक हवेत. पंख असलेला स्टेशनमास्तर बघणारा मान्य करतो, पण त्याच्यासमोर गाडी अडखळली आणि वरून एक मोठा हात येऊन तिला ढोसू लागला की सगळा देश क्षणात प्लास्टिकचा होतो. म्हणून चढ आधी मोजा. एचओमध्ये एक रूळ दुसऱ्यावरून न्यायचा तर रुळापासून साधारण ७५ मिमी मोकळी उंची लागते. दर मीटरला ४ सेंटिमीटर चढ धरला तरी, वरच्या पुलाची जाडी न धरताच, त्यासाठी जवळजवळ १९० सेंटिमीटर धाव हवी, आणि एवढा चढ छोट्या, हलक्या गाडीलाच झेपतो. लांब गाडीसाठी मीटरला २ सेंटिमीटरच्या वर जाऊ नका. चढ जिथे सुरू होतो तिथे मोड देऊ नका, हळूहळू उचलत न्या. सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे हलते रूळ, बोगद्यात ठेवू नका. रूळ वळून स्वतःलाच येऊन मिळत असतील तर डावा रूळ उजव्याला भेटतो आणि रुळांतली वीज शॉर्ट होते. तिथे दोन्ही रुळांत वीज अडवणारे (इन्सुलेटेड) जोड आणि वेगळी वायरिंग लागते, ते आराखड्यात आत्ताच लाल पेन्सिलीने दाखवा.

वीज फक्त रुळांच्या जोडपट्ट्यांच्या भरवशावर सोडू नका. फळीखालून दोन जाड तारा फिरवा, एक लाल, एक काळी, आणि दर मीटरभर अंतरावर प्रत्येक रुळाला बारीक तार सोल्डर करून त्यांना जोडा. घरांतल्या दिव्यांचा पुरवठा वेगळा ठेवा, नाहीतर गाडी थांबली की गावात अंधार. बारा व्होल्टवर पांढऱ्या एलईडीला एक किलोओहमचा रेझिस्टर लावला की साधारण ९ मिलिअँपिअर वाहतात. खिडकीमागच्या दिव्याला तेवढा उजेड भरपूर होतो. दिव्यांसाठी उबदार पांढरा रंगच घ्या.

मग चाचणी, आणि ती डोंगर-झाडं यायच्या आधी. सगळ्यात लांब डब्याच्या बाजूला मधोमध एक पेन्सिल चिकटवा, टोकाला दुसरी, आणि डबा हाताने वळणावरून ढकला. आतल्या बाजूला डब्याचं पोट किती आत येतं आणि बाहेरच्या बाजूला कोपरा किती बाहेर जातो, याच्या दोन रेघा फळीवर उमटतात. त्या दोन रेघांच्या आत भिंत, खांब, शेळी, काहीही येणार नाही. नंतर पूर्ण गाडी उलटी, अगदी सावकाश, प्रत्येक सांध्यावरून ढकलत न्या. जो दोष आहे तो मागे ढकलताना दिसतोच. एकाच जागी दोनदा घसरली तर तिथला रूळ उखडून पुन्हा घाला, चालवून घेऊ नका.

रूळ पास झाले की पुठ्ठा काढा. घरं, मनोरा, डोंगर, सगळं आधी पुठ्ठ्याचं करून जागेवर ठेवा आणि फोन फळीच्या पातळीला नेऊन कृष्णधवल फोटो काढा. रंग गेले की गर्दी कुठे झालीये ते लगेच कळतं. दोन प्रसंगांच्या मध्ये काहीच घडत नाही अशी जागा हवी: नुसतं गवत, कुंपण, वाट. एका नजरेत एकच प्रसंग मावला पाहिजे, आणि गाडी जिथे वेग कमी करते तिथे तो असला पाहिजे. मागच्या डोंगरावर १:१६० ची घरं आणि माणसं ठेवा, म्हणजे डोंगर लांब वाटतो.

पात्रांसाठी वहीत स्वतंत्र पानं राखा. प्रत्येकाला नाव, काम, आणि या क्षणी त्याला काय हवंय ते एका ओळीत लिहा. निथळणाऱ्या साइडिंगवरचा तुकाराम ढगवेचा: त्याला पावती हवी आहे. पावती देणारा कारकून बगळा आहे आणि तो डोळे मिटून एका पायावर उभा आहे. त्यांच्यामागे एक मुलगी एका छोट्या ढगाला दोरी बांधून घेऊन आली आहे आणि तिला तो दुरुस्तीला द्यायचा नाहीये. एवढ्या तिघांत प्रसंग पुरा झाला. चौथा आणू नका. वीस मिलिमीटरच्या चेहऱ्यावर भाव दिसत नाहीत, ते अंगाच्या ठेवणीतून येतात: तुकारामची मान पुढे, मुलीची दोरी पोटाशी घट्ट, तिची पावलं परतीच्या दिशेला. न रंगवलेल्या प्लास्टिकच्या मूर्ती आणा, धारदार पात्याने हात खांद्यापाशी कापा, नव्या कोनात चिकटवा. बगळ्यासारखे प्राणी बारीक तारेवर इपॉक्सी पुट्टी चढवून घडवा. धावणारी, उडी मारणारी मूर्ती टाळा. हलणाऱ्या गाडीशेजारी तिचं थिजलेपण डोळ्यांत खुपतं, तर वाट पाहणारी मूर्ती तासभर बघितली तरी खरीच वाटते. कायमची चिकटवण्याआधी मेणाच्या कणावर उभी करून काही दिवस राहू द्या.

ढगांसाठी हाताशी येतो तो कापूस, आणि नेमका तोच गाडीचा वैरी. त्याचे तंतू सुटतात, आसाला गुंडाळतात, गिअरमध्ये जातात. वाघिणीतले ढग फोमचे कोरा आणि वरून दाट अ‍ॅक्रिलिक रंग ब्रशने लावा. फोमवर स्प्रेचा रंग थेट मारू नका, आणि प्लास्टिकच्या मॉडेलचा गोंदही नको. दोन्हींतल्या सॉल्व्हंटने फोम विरघळतो. कापसासारखाच ढग हवा असेल तर उशीत भरतात ते पॉलिएस्टर घ्या, पण तो मनोऱ्यावर, रुळांपासून दूर. जमिनीखाली ३०-५० मिमी जाडीचा फोम असला की दऱ्या आणि ढग पडून झालेले खड्डे कोरता येतात. रंगांचं सांगायचं तर जमीन, दगड, छपरं मवाळ ठेवा आणि एकच झगझगीत रंग राखून ठेवा. इथे तो आज्यांच्या धाग्यांचा.

खडी सगळ्यात शेवटी. ती पसरा, सांध्यांच्या हलत्या भागातून ब्रशने पूर्ण झाडून काढा, पाण्याचा बारीक फवारा मारा आणि मग पांढरा गोंद व पाणी निम्मे-निम्मे करून, त्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकून ड्रॉपरने सोडा. साबणाशिवाय गोंदाचे थेंब वरच गोळा होऊन खडी सरकवतात. रात्रभर हात लावू नका.

आणि सगळं सुरू करायच्या दिवशीच डागडुजीचा डबा भरून फळीखाली ठेवा: रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, तंतू न सोडणारं कापड, चिमटा, मऊ ब्रश, जादा जोडपट्ट्या, दोन-चार एलईडी आणि रेझिस्टर, मूर्तींसाठी मेण. तारांचा नकाशा, कुठली तार कुठे जाते ते रंगांसकट काढून, फळीच्या खालच्या बाजूला चिकटवा. त्याची गरज पडते तेव्हा तुम्ही टॉर्च तोंडात धरून उताणे पडलेले असता, म्हणून अक्षरं मोठी काढा.