गाठ तिसऱ्यांदा आली तेव्हा

पायमशीनवर ब्लाउज शिवणाऱ्या बाईला बसता येईना, म्हणजे धंदाच बसला. तीन वर्षांत तिसऱ्यांदा मला तीच गाठ आली, योनीच्या तोंडाशी, डाव्या अंगाला. अवघड जागेचं दुखणं. जावई डॉक्टर नाही एवढंच नशीब. सासूबाईंना मी ‘मांडीत गळू झालंय’ असं सांगून ठेवलं होतं.

हिला बार्थोलिन सिस्ट म्हणतात. तिथे दोन्ही बाजूंना वाटाण्याएवढ्या ग्रंथी असतात, ओलावा त्यांतून येतो. नळी बुजली की स्राव साठतो आणि जंतू शिरले की पू होतो. नळी का बुजली, ते बहुतेक वेळा कळत नाही. तेव्हा ‘स्वच्छता पाळत नसशील’ म्हणणाऱ्या शेजारणीला चहा पाजून वाटेला लावा.

गाठ लहान असेल, दुखत नसेल तर राहू द्या. ठणकू लागली तर पसरट टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसायचं, दिवसातून तीन-चारदा. बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतो तसं कोपराने बघा. डेटॉल नको, त्याने आग होते. पिळू नका, टोचू नका. माझ्या हाताशी सुयांचा डबाच असतो, मोह मलाही झाला होता. ताप आला, चालवेना झालं, तर त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

पहिल्या दोन्ही वेळा मला नुसती चीर देऊन पू काढला. काय हलकं वाटलं म्हणून सांगू! पण चीर मिटली आणि नळी पुन्हा बंद. म्हणून तिसऱ्यांदा नव्या डॉक्टर मॅडमना विचारलं, “तोंड उघडं राहील असं काही करता येईल का?” तुम्हीही हेच विचारा.

दोन वाटा असतात. एक वर्ड कॅथेटर: टोकाला फुगा असलेली बारीक रबरी नळी, चार ते सहा आठवडे आत ठेवतात, तोवर नवी वाट तयार होते. दुसरी मार्सुपियलायझेशन, माझं तेच झालं. मॅडम समजावत होत्या आणि मला शिवणच दिसत होतं: पिशवीचं तोंड कापायचं, अस्तराची कड बाहेर दुमडायची, कापडाला टाके घालून टिपायची. तोंड मिटायला जागाच उरत नाही. तरी गाठ पुन्हा येऊच शकत नाही असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. अख्खी ग्रंथी काढणं अगदी शेवटी, त्यात रक्तस्राव जास्त होतो. चाळिशी उलटली असेल तर तुकडा तपासायला पाठवणार का, हे जरूर विचारा.

सकाळी गेले, संध्याकाळी घरी आले. टाके विरघळणारे होते. दुसऱ्या दिवसापासून परत टब. नंतर मऊ सुती फडक्याने टिपायचं, घासायचं नाही. लघवीला आग होते, तेव्हा त्याच वेळी मगाने कोमट पाणी सोडत राहा. हा उपाय नर्सताईंनी सांगितला, औषधाच्या चिठ्ठीत नव्हता. शौचाला कुंथायला लागू नये म्हणून पाणी भरपूर प्या. सैल सुती कपडे घाला. नवऱ्याला स्पष्ट सांगा, जखम भरेपर्यंत, साधारण चार आठवडे, जवळ यायचं नाही. ताप, घाण वासाचा पू, पुन्हा वाढणारी सूज किंवा पॅड भरून रक्त दिसलं तर थांबू नका.

पहिले दहा दिवस कुशीवर पडून हुक आणि काज केले. मशीनवर बसले ती एकविसाव्या दिवशी, खाली गोधडीची चौपदरी घडी घालून.