पहिल्या दहा मिनिटांत एक प्रश्न

नोकरीच्या पहिल्या वर्षात मी मीटिंगमध्ये 'हो' आणि 'चालेल' यांपलीकडे एक अक्षर बोललो नाही. एकदा माझ्याच रिपोर्टमधल्या आकड्यावर साहेबांनी प्रश्न काढला. उत्तर मला पाठ होतं. पण मी तोंड उघडेपर्यंत शेजारच्या सहकाऱ्याने ते देऊन टाकलं, आणि राग यायच्या ऐवजी मला चक्क हायसं वाटलं.

नव्याने कामाला लागलेल्यांना मी सांगतो, भीतीपेक्षा या हायसं वाटण्यावर नजर ठेवा. टाळलं की लगेच बरं वाटतं, म्हणून पुढच्या वेळी टाळणं आणखी सोपं जातं. वर 'माझा स्वभावच शांत' असं गोंडस नाव द्यायला आपण मोकळे. (शांत स्वभावाची माणसं असतात, नाही असं नाही. पण मित्रांच्या कोंडाळ्यात मी दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही!)

मग मी एकदम दुसरं टोक गाठलं. 'कम्फर्ट झोन सोडा' हे कुठेतरी ऐकलं आणि 200 लोकांपुढे 40 मिनिटांच्या प्रेझेंटेशनला हो म्हणून बसलो. तिसऱ्या स्लाइडला डोकं कोरं. पडद्यावरची वाक्यं वाचून दाखवत 11 मिनिटांत उरकलं. त्यानंतर तीन महिने 'चालेल'सुद्धा तोंडातून फुटेना.

या विषयावर बोलताना लोक हमखास एक उलट्या वाटीसारखा आलेख दाखवतात : ताणाबरोबर कामगिरी चढते आणि एका मर्यादेनंतर घसरते. त्याचं मूळ यर्किस आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांच्या 1908 सालच्या प्रयोगात आहे, आणि तो होता उंदरांवर. पांढरी पेटी कुठली, काळी कुठली हे ओळखायचं, चुकलं की विजेचा झटका. फरक ठळक असला की जोरदार झटक्याने उंदीर लवकर शिकत. फरक पुसट केला की मात्र मध्यम झटकाच कामी येई. उंदरांवरून करिअर ठरवू नये हे खरं, पण चारचौघांत बोलणं हे माझ्यासाठी पुसट फरकाचंच काम होतं आणि त्यासाठी मी सगळ्यात मोठा झटका निवडला होता.

पुन्हा सुरुवात केली ती कुणाला सांगायचीही लाज वाटावी इतक्या लहान गोष्टीपासून. दर मीटिंगला एक प्रश्न, तोही पहिल्या दहा मिनिटांत. उशीर केला की प्रश्न मनात घोळून घोळून विद्वान व्हायला लागतो, आणि तोवर दुसरं कुणीतरी तो विचारून टाकतं. माझा पहिला प्रश्न कागदावर लिहून नेला होता : 'हा आकडा महिन्याचा की तिमाहीचा?' विचारताना आवाज चिरकला. 'तिमाहीचा,' असं उत्तर आलं आणि मीटिंग पुढे सरकली.

वहीत दोन रकाने केले. मीटिंगआधी डावीकडे 'काय होईल', नंतर उजवीकडे 'काय झालं'. डावीकडे 'सगळे हसतील', उजवीकडे बहुतेक वेळा 'काही नाही'. एकदाच साहेब म्हणाले, 'अरे, हे मेलमध्ये होतं.' कान तापले, तेवढंच. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा, गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं होतं. त्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तो टिपला असेल. प्रत्यक्षात टिपला होता साधारण पाव लोकांनी. मीही शेजारच्याला विचारून पाहिलं, माझा आवाज चिरकलेला आठवतो का? त्याला प्रश्नच आठवत नव्हता.

भीती गेली की बोलू, असं म्हणत मी वर्ष घालवलं. हात गार पडणं कमी झालं ते आठ-दहा मीटिंगा बोलून झाल्यावर. त्या काळात बाकी काहीही नवं अंगावर घेतलं नाही, हेही बरंच झालं.

गेल्या महिन्यात विभाग बदलला. नवी माणसं, नवी टेबलं, हात पुन्हा गार. वही काढली, डावीकडे लिहिलं 'मूर्ख ठरेन', आणि सातव्या मिनिटाला प्रश्न विचारला.